घरच्या घरी शुद्ध कडकनाथ: पिल्लं निवडण्यापासून पुढची पिढी काढेपर्यंत

घरामागे थोडी मोकळी जागा आहे, दहा-पंधरा पक्षी सांभाळायची तयारी आहे आणि कडकनाथ या काळ्या देशी कोंबडीची पुढची पिढी आपल्याच अंगणात, भेसळ न होता निघावी अशी इच्छा आहे, अशा नवख्या माणसासाठी हा लेख आहे. 'महिन्याला किती सुटतात?' याचं उत्तर इथे मिळणार नाही. कडकनाथच्या नावावर झटपट कमाईची स्वप्नं दाखवणाऱ्यांनी आधीच पुरेसं नुकसान केलं आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातली फसवणूक उघड झाली. 'पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच परत घेऊ' या बोलीवर शेकडो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. आजही कोणी हमीभावाने परत खरेदीची भाषा करत पिल्लं गळ्यात मारू लागला, तर नमस्कार करून निघा.

कडकनाथ मूळचा पश्चिम मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांतला. भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या तो परसात सांभाळला. तिकडे त्याला कालीमासी असंही म्हणतात. अलीराजपूर आपल्या नंदुरबारला लागूनच आहे, त्यामुळे आपल्याकडची हवा या पक्ष्याला परकी नाही. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन त्या भागातल्या मालाचं आहे. साताऱ्यात वाढवलेला पक्षी 'झाबुआ कडकनाथ' म्हणून विकायचा नसतो, एवढं लक्षात असू द्या.

पायरी १: आधी पक्षी ओळखायला शिका

पिल्लं आणण्याआधी एक-दोन ठिकाणी जाऊन मोठे पक्षी हातात घेऊन बघा. काळी पिसं बघून खूश होऊ नका, कारण काळ्या पिसांच्या गावरान कोंबड्या गावोगावी असतात. कडकनाथचा काळेपणा पिसांच्या आत बघायचा. चोच उघडून जीभ आणि टाळू पाहा, पंख उचलून काखेतली कातडी पाहा, पाय उलटा करून तळवा पाहा, शेपटीखालची जागा पाहा. सगळीकडे राखाडी-काळी ते जांभळट झाक हवी. तुरा एकेरी, करवतीसारखा, गडद राखाडी किंवा जांभळट. पायांवर पिसं नसावीत आणि बोटं चारच असावीत. पाचवं बोट दिसलं तर कुठेतरी सिल्की या पाच बोटांच्या परदेशी जातीचं रक्त मिसळलं असल्याची शंका घ्या.

पिसांचे मात्र तीन प्रकार मान्य आहेत: पूर्ण काळा (हिरवट चमक असलेला), पेन्सिल्ड (मानेवर पांढरट-रुपेरी रेघा) आणि गोल्डन (मानेवर सोनेरी छटा). मानेवर सोनेरी पीस दिसलं की 'हा भेसळीचा' म्हणून चांगला कोंबडा कापून खाणारे लोक आहेत. तुम्ही तसं करू नका.

दोन गैरसमज इथेच संपवू. कडकनाथचं अंडं काळं नसतं. ते फिकट तपकिरी, किंचित गुलाबीकडे झुकणारं असतं. मोबाइलवर फिरणारे काळ्याकुट्ट अंड्यांचे फोटो बनावट असतात. आणि रक्तही लालच असतं.

आता थोडं जनुकांविषयी. हे कंटाळवाणं वाटेल, पण घरी पैदास करणाऱ्याला इतर सगळ्या माहितीपेक्षा हेच जास्त उपयोगी पडतं. कडकनाथच्या अंगातला काळेपणा विसाव्या गुणसूत्राच्या एका भागाची जादा प्रत तयार झाल्यामुळे येतो. रंगद्रव्याच्या पेशी कातडीपाशी न थांबता स्नायू, हाडांवरचं आवरण, आतडी इथपर्यंत पसरतात. चीनकडची सिल्की आणि इंडोनेशियातली अयाम सेमानी यांच्यातही हाच बदल आहे. पण या काळेपणाला लगाम घालणारं दुसरं एक जनुक असतं आणि ते झेड या लिंग-गुणसूत्रावर असतं. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत हा लगाम असतो, कडकनाथमध्ये नसतो. नराकडे झेडच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. मादीकडे एकच, तीही बापाकडून आलेली.

आता कोणी कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायाच्या कोंबडीवर सोडला असं समजा. मुलींना झेड मिळतं ते कडकनाथ बापाचं, म्हणजे लगाम नाही. त्या बऱ्याच काळ्या निघतात. मुलांना मात्र आईकडून लगाम मिळतो आणि ते फिकट पडतात. बेटसन आणि पनेट या शास्त्रज्ञांनी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न (पिवळ्या पायांची जात) यांच्या संकरात १९११ सालीच हे दाखवून दिलं होतं.

याचा बाजारातला अर्थ सरळ आहे. काळीभोर दिसणारी तलंग (तरुण कोंबडी) अर्धी गावरान असू शकते आणि नुसतं तिच्याकडे बघून ते कळणार नाही. विकणाऱ्याला तिचे भाऊ दाखवायला सांगा. एकाच उबवणीतले नर फिकट तळव्यांचे, गुलाबी तोंडाचे असतील तर माद्याही सोडून द्या. 'नर सगळे विकले गेले' असं उत्तर मिळालं तर दुसरं ठिकाण शोधा. ही परीक्षाही शंभर टक्के नाही. मुळातच काळपट पायांच्या गावरान कोंबडीशी संकर केला असेल तर भाऊही गडद निघू शकतात. म्हणून माणूसही पारखायचा. जो बापाची माहिती देतो, नोंदवही दाखवतो, त्याच्याकडून घ्या.

पायरी २: किती आणायचे, कुठून, कोणत्या महिन्यात

झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीवर बरीच वर्षं काम केलं आहे. तिथल्या केंद्रातून किंवा त्या भागातल्या खात्रीच्या पाळणाऱ्यांकडून पिल्लं मिळणं सगळ्यात चांगलं. आधी चौकशी आणि नोंदणी करून ठेवावी. जवळच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारा. आपल्या भागात कडकनाथ कोण पाळतं हे डॉक्टरांना बहुधा ठाऊक असतं, आणि कोणाकडे काय रोग येऊन गेला हेही.

एक दिवसाची पिल्लं घेत असाल तर तीस घ्या. त्या वयात नर-मादी ओळखता येत नाहीत, त्यामुळे साधारण निम्मे नर निघतील. थोडी मर होईल, थोडी छाटणी करावी लागेल, आणि शेवटी बारा माद्या व तीन चांगले नर हाती राहतील. पुढची सगळी मांडणी याच आकड्यावर आहे. शक्य असेल तर तीस पिल्लं दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. एकाच कोंबड्याची तीस पोरं आणली तर आपली पैदास पहिल्याच पायरीवर भावा-बहिणींत अडकते.

ताजं पिल्लू निळसर-काळं असतं, पाठीवर वेड्यावाकड्या गडद पट्ट्या असतात. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असल्याने दोन दिवसांचा प्रवास ते दाणापाण्याविना सोसतं, पण उन्हातल्या बसच्या टपावर नाही.

महिना ऑक्टोबर-नोव्हेंबर धरा. पाऊस सरलेला असतो, ओलावा कमी असतो. ही पिल्लं एप्रिल-मेमध्ये अंड्यावर येतील, पण ती अंडी उबवायला ठेवायची नाहीत. ती खायची. पैदास पुढच्या जानेवारीत. तोवर पक्षी एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढतो, आणि कोण टिकाऊ आहे ते आपोआप दिसतं.

शहरात किंवा सोसायटीत असाल तर आधी स्थानिक नियम बघा आणि शेजाऱ्यांशी बोला. तीन कोंबडे पहाटे चारपासून आरवणार आहेत.

पायरी ३: खुराडं

रात्रीच्या निवाऱ्यात मोठ्या पक्ष्याला दोन चौरस फूट जागा द्या. पंधरा पक्ष्यांना सहा बाय पाच फुटांचं खुराडं पुरतं, दिवसा मोकळं फिरायला मिळत असेल तर. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत येणार नाही. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असेल तर पावसाळ्यात ओल येत नाही आणि उंदीर-घुशींना आसरा मिळत नाही. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी कुत्रा फाडतो आणि तिच्या भोकांतून साप सहज आत येतो. दाराला कडी आणि वर पिन लावा. मुंगूस दिवसाढवळ्या येतं आणि एकदा आत घुसलं की एकावर थांबत नाही.

आत बसायला आडव्या काठ्या हव्यात, पक्ष्यागणिक सात-आठ इंच. अंडी घालायला दर चार-पाच माद्यांमागे एक खोकं, फूटभर लांब-रुंद, अंधाऱ्या कोपऱ्यात. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा तीन-चार इंच पसरा, आठवड्यातून दोनदा हलवा, ओला झालेला भाग लगेच काढा. अंगणात एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती टाकून खड्डा ठेवा. त्यात लोळून पक्षी उवा-पिसवा स्वतःच झाडतात. काळ्या पक्ष्याला दुपारचं ऊन जास्त लागतं, तेव्हा झाडाची किंवा हिरव्या नेटची सावली लागेलच.

जानेवारीपासून पाच आठवडे पैदाशीसाठी या जागेचे तीन कप्पे करावे लागतील. त्यासाठी उचलता येणाऱ्या जाळीच्या चौकटी आत्ताच बनवून ठेवा.

पायरी ४: पहिले चार आठवडे

पिल्लं येण्याआधी चार-पाच तास ब्रूडर तापवून ठेवा. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा गोल कडा, आत भुसा, त्यावर पहिले तीन दिवस कागद (नाहीतर पिल्लं भुसाच खातात), वर बल्ब. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश सेल्सिअस, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. तीस पिल्लांना साठ वॅटचा पिवळा बल्ब पुरतो. एलईडी चालत नाही, तो उष्णता देत नाही. थर्मामीटर ठेवा, पण खरा अंदाज पिल्लांकडे बघूनच येतो. बल्बखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर काही करू नका.

आल्याबरोबर आधी पाणी, तासाभराने दाणा. पहिल्या पाण्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट टाका. चार-सहा पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात. पाण्याचं भांडं उथळ हवं. वीज जाणार हे गृहीत धरा आणि डालगं, गोणपाट, गरम पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवा.

पायरी ५: दाणा

पहिले आठ आठवडे तयार चिक मॅश द्या, प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास. इथे काटकसर नको. नंतर ग्रोअर मॅश, आणि पहिलं अंडं दिसू लागलं की लेअर मॅश. लेअर मॅशमध्ये कॅल्शियम तिप्पट-चौपट असतं. ते पिल्लांना घातलं तर मूत्रपिंडं खराब होतात, त्यामुळे 'सगळ्यांना एकच पोतं' करू नका.

आठ आठवड्यांनंतर घरचा दाणा मिसळायला हरकत नाही: मक्याचा भरडा, तांदळाची कणी, सोया पेंड, पालेभाज्यांच्या काड्या, अझोला (पाण्यावर वाढणारी बारीक वनस्पती). अंड्यावरच्या माद्यांना शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला हवा तो खाईल. पावसाळ्यात मका आणि शेंगदाणा पेंड नीट बघून घ्या. बुरशीचा वास आला तर फेकून द्या, वाळवून वापरू नका. वाळवल्याने बुरशीचं विष जात नाही.

ब्रॉयलरसारखी वाढ होणार नाही, ही मनाची तयारी ठेवा. वीस आठवड्यांचा कडकनाथ सरासरी एक किलोच्याही आतच असतो. पूर्ण वाढलेला नर दीड ते दोन किलो, मादी सव्वा-दीड किलोपर्यंत.

पायरी ६: लसी आणि आजारपण

'गावरान पक्षी आहे, त्याला काही होत नाही' हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. मानमोडी म्हणजे राणीखेत आली की गावरान, कडकनाथ, कोणीच वाचत नाही. साधारण वेळापत्रक असं:

- पहिला दिवस: मरेक्स. ही उबवणी केंद्रातच दिलेली असते, विचारून खात्री करा.
- ५ ते ७ वा दिवस: लासोटा (राणीखेतची लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.
- १४ व्या दिवसाच्या आसपास: गंबोरो.
- चौथा आठवडा: लासोटाचा बूस्टर.
- सहावा-सातवा आठवडा: देवीची लस.
- आठव्या आठवड्यानंतर: राणीखेतची आर-टू-बी, टोचून.

आपल्या भागात काय चालू आहे त्याप्रमाणे डॉक्टर यात फेरफार करतील, ते ऐका. घरच्या पाळणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. लसीची सगळ्यात छोटी बाटलीही शंभर-दोनशे मात्रांची येते आणि तुमच्याकडे तीसच पिल्लं. बाटली एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरणं म्हणजे नुसतं पाणी पाजणं. गल्लीतल्या कोंबड्या पाळणाऱ्या चार घरांना एकत्र करा आणि एकाच दिवशी सगळ्यांना लस द्या. खर्च वाटला जातो, शिवाय शेजारच्या कोंबड्यांकडून रोग येण्याची भीतीही कमी होते. लस दुकानातून घरी बर्फातच आणायची.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण सांभाळा. विष्ठेत रक्त, पिल्लू पिसं फुगवून कोपऱ्यात उभं, असं दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांकडून औषध घ्या आणि ओला भुसा काढून टाका. मूळ ओल्या भुशातच असतं. मोठ्या पक्ष्यांना दर दोन-तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या.

कडकनाथच्या बाबतीत एक अडचण कोणी सांगत नाही. इतर कोंबड्यांचा आजार तुऱ्यावरून कळतो. तुरा लाल म्हणजे ठीक, फिका पडला तर रक्त कमी, जांभळा पडला तर धोका. इथे तुरा मुळातच जांभळट, त्यामुळे ही खूण हातातून जाते. त्याऐवजी संध्याकाळी पक्षी बसायला आले की गळ्याखालची पिशवी चाचपा. दिवसभर चरलेल्या पक्ष्याची ती भरलेली असते. रिकामी लागली तर तो पक्षी वेगळा करा. छातीचं हाड बोटांना टोचतं का तेही महिन्यातून एकदा बघा.

एकदम दोन-चार पक्षी मेले तर पुरून टाकून गप्प बसू नका, दवाखान्यात कळवा. जानेवारी २०२१ मध्ये खुद्द झाबुआतल्या कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू सापडला आणि पक्षी नष्ट करावे लागले. महेंद्रसिंग धोनी यांनी तिथून मागवलेली दोन हजार पिल्लंही त्यामुळे रखडली होती.

पायरी ७: जोड्या लावणं

बहुतेक घरी इथेच गाडी घसरते. एक देखणा कोंबडा ठेवतात, बाकीचे विकतात, आणि वर्षानुवर्षं त्याचीच पोरं त्याच्याच मुलींवर सोडतात. हिशोब करून बघा. बारा माद्यांवर एकच नर असेल तर एका पिढीत जवळच्या रक्ताचं प्रमाण साडेतेरा टक्क्यांनी वाढतं. त्याच बारा माद्यांना तीन नर वाटून दिले तर वाढ पाच टक्क्यांवर येते. माद्या बारा काय आणि वीस काय, फारसा फरक पडत नाही. नर किती, यावर सगळं ठरतं. दोन जास्तीच्या कोंबड्यांचा दाणा परवडत नाही असं वाटत असेल, तर पैदास करू नका, नुसती अंडी खा. जवळचं रक्त वाढलं की आधी उबवण घटते, मग पिल्लं कमजोर निघतात, मग अंडी कमी होतात. रंग मात्र तसाच काळा राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

घरच्या घरी जमणारी पद्धत अशी. बारा माद्यांचे तीन गट करा आणि पायात लाल, पिवळ्या, निळ्या रिंगा घाला. एका ठिकाणाहून आलेल्या माद्या एका रंगात. नरांनाही रिंग घाला, प्रत्येक रंगाचा एक. मग लाल नर पिवळ्या माद्यांवर, पिवळा निळ्यांवर, निळा लालवर. पिल्लाला रंग नेहमी आईचा. पुढच्या पिढीतही हाच फेरा: मुली आईच्या गटात राहतात, मुलगे पुढच्या गटात जातात. चार-पाच वर्षं बाहेरून रक्त न आणताही कळप धड राहतो.

वर्षभर तीन खुराडी ठेवायची गरज नाही. एरवी सगळे एकत्र फिरू द्या. जानेवारीच्या सुरुवातीला चौकटी लावून तीन कप्पे करा आणि तीन आठवडे थांबा. हे तीन आठवडे टाळू नका. कोंबडीच्या शरीरात आधीच्या नराचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. कोंबडा बदलला आणि आठवड्याभरात अंडी उबवायला ठेवली, तर पिल्लाचा बाप कोण हे सांगता येणार नाही. शेजारचा गावरान कोंबडा अंगणात येऊन गेला असेल तरी हाच नियम. तीन आठवड्यांनंतर पुढच्या दोन आठवड्यांतली अंडी उबवण्यासाठी गोळा करा. अंड्यावर पेन्सिलने कप्पा आणि तारीख लिहा.

फेब्रुवारीत हवा अजून सुसह्य असते आणि अंडीही बरी मिळतात. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये निघालेली पिल्लं कडक ऊन तापेपर्यंत बल्बच्या गरजेतून बाहेर येतात आणि पावसाळ्याआधी रक्ती हगवणीच्या नाजूक वयातून निघून जातात.

पायरी ८: उबवण

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. धुवू नका, धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. टोकाची बाजू खाली करून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा, फ्रीजमध्ये नाही. आदर्श तापमान १५ ते १८ अंश. आपल्याकडे ते मिळणं कठीण, म्हणून चार-पाच दिवसांवर साठवू नका, सातच्या पुढे तर नाहीच. दोन आठवड्यांची अंडी म्हणजे तीन हप्त्यांत लावावी लागतील. चिरलेलं, लांबुळकं, फार लहान अंडं बाजूला काढा.

कडकनाथची मादी सहसा नीट खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही. बसली तरी अर्ध्यावर उठते. भिल्लांच्या घरांतही कडकनाथची अंडी दुसऱ्या देशी कोंबडीखाली बसवण्याची रीत आहे आणि तीच मला सगळ्यात भरवशाची वाटते. शेजारी विचारा, एखादी गावरान खुडूक मिळतेच. तिला आधी उवांची पावडर लावा, दोन दिवस साध्या अंड्यांवर बसवून परीक्षा घ्या, मग अंधार पडल्यावर दहा-बारा कडकनाथची अंडी खाली सरकवा. तिने स्वतःचं अंडं मध्ये घातलं तर पेन्सिलची खूण नाही म्हणून लगेच ओळखू येईल. पाणी आणि दाणा जवळच ठेवा. पिल्लं निघाल्यावर बल्बचं कामही तीच करते.

मशीन वापरणार असाल तर पंख्याच्या इन्क्युबेटरला ३७.५ ते ३७.७ अंश, पहिले अठरा दिवस आर्द्रता ५५ ते ६० टक्के, दिवसातून किमान तीन-चार वेळा अंडी फिरवणं. अठराव्या दिवशी फिरवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७५ टक्के, आणि मग एकविसाव्या दिवसापर्यंत झाकण उघडायचं नाही. इन्व्हर्टर नसेल तर मशीन घेऊ नका. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर जिवंत, स्वच्छ दिसलं तर बिनफळ, काढून टाका.

किती पिल्लं निघतील? बरेलीजवळच्या इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था कडकनाथची फलनक्षमता ५५ टक्के आणि फळलेल्या अंड्यांतून उबवण ५२ टक्के देते. म्हणजे शंभर अंड्यांतून अठ्ठावीस-एकोणतीस पिल्लं. काळजी घेतली तर घरी याहून बरं जमू शकतं, पण पहिल्या वेळी निम्मी अंडी वाया गेली तर मशीनला किंवा कोंबडीला दोष देऊ नका.

पायरी ९: कोण ठेवायचा, कोण नाही

पहिली छाटणी निघाल्याच दिवशी. पायाची बोटं वाकडी, चोच तिरकी, नाभी उघडी, अशी पिल्लं पैदाशीतून बाद. कातडी, चोच, पाय पहिल्या दिवसापासून गडद असतात, त्यामुळे गुलाबी-पिवळ्या पायाचं पिल्लू निघालं तर कुठल्या कप्प्यातून आलं ते वहीत लिहा. एकाच कप्प्यातून पुन्हा पुन्हा अशी पिल्लं आली तर त्या नराला रजा.

दुसरी छाटणी आठव्या आठवड्यात, तुरे वाढून नर ओळखू आल्यावर. तिसरी सहाव्या महिन्यात. या वेळी रंगापेक्षा बाकीच्या गोष्टी मोठ्या धरा: वजन, सरळ पाठ, मोकळी चाल, कधी आजारी पडला का, आई वर्षाला किती अंडी देते. कडकनाथ वर्षाला ऐंशी ते शंभर अंडी देतो. ज्या मादीने पन्नासच दिली, तिचा मुलगा कितीही काळा असला तरी पैदाशीला ठेवू नका. माद्यांच्या अंड्यांची नोंद वर्षभर ठेवणं कठीण असेल तर कप्पे केलेल्या पाच आठवड्यांत तरी ठेवा.

कोंबडे निवडताना स्वभावही बघा. माणसाच्या पायावर धावून येणारा नर घरात लहान मुलं असतील तर नको. हा स्वभाव त्याच्या पिल्लांत उतरतो.

चार-पाच वर्षांनी बाहेरचं रक्त लागेल. तोवर शुद्ध कडकनाथ पाळणारं दुसरं एखादं घर गाठून ठेवा आणि कोंबड्यांची अदलाबदल करा. पैसे न घेता केलेली अदलाबदल जास्त टिकते असा माझा अनुभव आहे. आलेला कोंबडा कितीही तरतरीत दिसला तरी तीन आठवडे वेगळा, आपल्या पक्ष्यांपासून दूर. त्याला शेवटी दाणा घाला आणि हात-पाय धुऊन या. त्याला आधी एकाच कप्प्यावर सोडा, पिल्लं बघा, मग पुढचा विचार करा.

राहिले जास्तीचे नर. ते दर वर्षी दहा-बारा तरी उरतातच, आणि सगळ्यांना पाळत बसलात तर माद्यांची पाठ सोलून निघेल. सहा-सात महिन्यांचे झाले की खाण्यासाठी काढा. मांसात चरबी कमी आणि तंतू घट्ट असतात, तेव्हा ब्रॉयलरसारखं वीस मिनिटांत शिजेल असं धरू नका. आदल्या रात्री आलं-लसूण आणि दही लावून ठेवा, मंद आचेवर तासाभराहून जास्त वेळ द्या किंवा कुकरच्या चार-पाच शिट्ट्या जास्त करा. रस्सा काळपट होतो. पाहुणे येणार असतील तर वाढण्याआधी सांगून ठेवा, नाहीतर पातेलं करपलं असं समजतात.